उपकरणाची पारख

राजांच्या लढाया आणि तह यांचा इतिहास आपणांकडे पुष्कळ लिहिला गेला. परंतु जाते, कंदील, घड्याळ, अडकित्ता या वस्तू आमच्या वाडवडिलांनी कशा पारखून घरात आणिल्या, याचा विचार त्या मानाने थोडाच झाला. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि आज सामान्य कुटुंबाच्या मिळकतीचा बराच भाग अशाच वस्तूंवर खर्च होतो, आणि ती निवड करिताना जाहिरातीखेरीज दुसरा सल्लागार आपण शोधीत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याची क्षुल्लकता उरत नाही. माझ्या गंगाखेड गावाच्या आधारे मी एवढेच दाखवू इच्छितो की, वस्तू घेण्यापूर्वी विचारावयाचा मुख्य प्रश्न ‘ती किती नवी आहे’ हा नसून ‘ती बिघडल्यावर कोण उघडील’ हा आहे.

गंगाखेड हे गोदातीरीचे गाव संत जनाबाईंचे जन्मस्थान होय. जनाबाईंचे नाव घेताच डोळ्यांपुढे जाते उभे राहते. पंढरपुरास दामाशेटी शिंप्याच्या घरी राबणाऱ्या या दासीला दळू लागण्यास प्रत्यक्ष विठ्ठल येत असे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. भक्ताच्या दृष्टीने ही कृपेची कथा. इतिहासाच्या अभ्यासकास तीत आणखी एक साक्ष सापडते. ती ही की, दळण हे काम इतके जड होते की ते हलके करण्यास दुसरे कोणी येणारे नसे. देवासच यावे लागे.

यंत्र या नात्याने जात्याकडे पाहिले तर त्यात लपविण्यासारखे काहीच नाही. खाली एक तळी, वर एक तळी, मध्ये खुंटी आणि हाती धरावयास खुंटा. पाळू गुळगुळीत झाल्या, पीठ जाडसर पडू लागले, की टाकी लावणारी बाई दारावर येई आणि अंगणातच छिन्नीने दगडास पुन्हा धार देई. घरातील लहान पोरासही ते यंत्र आतून कसे आहे हे ठाऊक असे. म्हणूनच एकेक जाते दोन-दोन पिढ्या चाले. परंतु केवळ गतकालाचे गोडवे गाणे हा या लेखाचा हेतू नाही. जाते दीर्घायुषी होते खरे. पण ते फिरविणारीचे आयुष्य त्यापायी झिजत असे. पुढे इंजिनाची गिरणी आली तेव्हा जुन्या मंडळींनी पीठ गरम निघते, भाकरीला चव राहत नाही, अशा पुष्कळ तक्रारी केल्या. माझ्या आजीने मात्र जाते एकदा कोपऱ्यात ठेविले ते लग्नाच्या हळदीखेरीज पुन्हा मांडिले नाही. तिचा निवाडा मला अखेरचा वाटतो. ज्या वस्तूने कोणाचे तरी कष्ट कमी होतात, तिला चैन म्हणून हिणविण्याचा अधिकार ते कष्ट न करणाऱ्यास नाही.

आमच्या भागातील लोक खरेदीत सावध का होते, याचे कारण राजकीय परिस्थितीतही आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निझामाच्या राज्यात होता. नाणे वेगळे, सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार, असा विनिमयाचा साधारण हिशेब. निझाम आणि कंपनी सरकार यांच्या १८०२ च्या व्यापारी करारात मालावर शेकडा पाच जकात ठरली होती, आणि करोडगिरीचे नाके ही सरहद्दीवरची नित्याची गोष्ट होती. मुंबईचा माल इतक्या वळणांनी गावात पोचावयाचा, तेव्हा चुकीची वस्तू घेण्याची ऐपत फार थोड्यांस होती.

या कसोटीस उतरलेली एक वस्तू म्हणजे कंदील. कऱ्हाडजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानात, १९१६ साली ओगले बंधूंनी काचकारखाना काढिला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघर पोचला. तो स्वदेशी होता हे त्याचे एक बळ. पण दुसरेही बळ होते. त्याची काच फुटली तर नवी काच बाजारात मिळे, वात जळाली तर नवी वात मिळे, आणि ती बसविण्यास कोणाकडे जावे लागत नसे. माझ्या आजोबांच्या कंदिलाच्या किती काचा बदलल्या हे त्यांस सांगता येत नसे. कंदील मात्र तोच होता.

घड्याळाची कथा थोडी निराळी. आगगाडी पोचेपर्यंत सूर्य आणि देवळातील घंटा यांवर गावाचे भागत होते. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गंगाखेडचे स्थानक झाले आणि मिनिटास किंमत आली. सामान्य नोकरदाराच्या मनगटावर घड्याळ दिसू लागले ते मात्र पुष्कळ उशिरा. बंगळुरास १९६१ साली जपानी सहकार्याने एच. एम. टी.ची घड्याळे तयार होऊ लागल्यानंतर. माझ्या वडिलांनी असेच एक घेतले. रोज सकाळी त्यास चावी देणे हा त्यांचा नित्यनेम होता. डोळ्यास भिंग लावून बसणारा कारागीर ते पाचदहा वर्षांनी उघडी, साफ करी, तेल देई. पुढे क्वार्ट्झ घड्याळे आली. ती अधिक अचूक, अधिक स्वस्त, हे मान्यच केले पाहिजे. वडील वारले; ज्या कारखान्यात ते घड्याळ घडले त्याचे दरवाजे मिटले; घड्याळ अजून चालते.

कोणी म्हणेल, हा केवळ काटकसरीचा विचार झाला. परंतु दुरुस्तीत पैशाहून मोठे काही गुंतलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान काढिले. सायकली विकणे आणि दुरुस्त करणे यांतून जो हात तयार झाला, त्याच हाताने पुढे लोखंडी नांगर घडविला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. जो उघडतो तो शिकतो, आणि जो शिकतो तो एखादे दिवशी घडवितो. तालुक्याच्या गावी सायकलवाला, घड्याळवाला, रेडिओ दुरुस्त करणारा यांची दुकाने हीच फी न घेणारी तंत्रशाळा होती. स्वदेशीच्या चळवळीने ‘ही वस्तू कोणी केली’ असे विचारावयास आपणांस शिकविले. त्याच्या जोडीस ‘ही वस्तू येथे कोणास दुरुस्त करिता येईल’ हा प्रश्न आपण जोडिला नाही, ही उणीव राहिली. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली शिलाई-यंत्राचा अपवाद केला, तो उगाच नव्हे. पत्नीचे कष्ट पाहून एका माणसाने ते यंत्र शोधिले, असे त्यांचे म्हणणे होते. दामाशेटींच्या धंद्यातील मंडळी आजही ते यंत्र स्वतः उघडतात, तेल घालतात, पट्टा बदलतात. कष्ट हलके करणे आणि उघडता येणे हे दोन्ही गुण एका ठायी असलेले याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता आजची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी माझ्या मोबाईलची बॅटरी उतरू लागली. बाकी सर्व ठीक होते. बॅटरी आत चिकटविलेली. मूळ भाग गावात मिळेना. शहरातील दुकानदाराने सांगितलेला खर्च ऐकून नवाच घ्यावा असे वाटावे, अशीच ती योजना दिसली. सीलबंद यंत्रात धूळ-पाणी शिरत नाही, ते पातळ होते, हे त्याचे समर्थन खोटे नाही. पण बॅटरी हा झिजणारा भाग आहे, कंदिलाच्या वातीसारखा. आणि वात बदलण्यासाठी कंदील फेकावा लागत असेल, तर तो कंदील नीट घडलेला नाही. ही तक्रार आता माझी एकट्याची राहिलेली नाही. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, आणि उपयोग करणाऱ्यास बॅटरी स्वतः बदलता यावी असा नियम युरोपीय संघाने २०२३ साली केला.

कायदा येईल तेव्हा येवो. खरेदी करणाऱ्याचा विवेक त्याची वाट पाहत नाही. वस्तू घेण्यापूर्वी आपल्याच गावच्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन त्यास विचारावे की, याचे भाग मिळतात काय, आणि तू हे उघडशील काय? विकणाऱ्याच्या दहा शब्दांहून त्याचा एक होकार किंवा नकार मोलाचा असतो. नंतर घरी येऊन पाहावे की, या वस्तूने घरातील कोणाचे कष्ट हलके होणार आहेत. कोणाचेच होणार नसतील, तर ती चैन आहे हे मोकळ्या मनाने कबूल करावे. चैनीस माझा विरोध नाही. आमच्या घरी आजोबांचा पितळी अडकित्ता आहे. सुपारी कातरणे ही काही जीवनाची गरज नव्हे. पण धार लावून तो तीन पिढ्या वापरला गेला आणि जेवणानंतरच्या घटकाभर गप्पांस कारण झाला. रोज हाती येणारी आणि जुनी होताना अधिक आपली होणारी अशी एखादी चैन अवश्य करावी.

आजीचे जाते अजून कोपऱ्यात आहे. ते पुन्हा फिरवावे असे मला मुळीच वाटत नाही. परंतु नवी वस्तू घरात आणिताना मी त्याच्याकडे एकदा पाहून घेतो.