माठाची खापरं आणि दोन रॉबर्ट

गेल्या उन्हाळ्यात आमचा माठ फुटला. सौ. खापरं केरात टाकायला निघाली, तर मी तिला थांबवलं. म्हटलं, "राहू देत, माशांच्या टाकीत कामाला येतील." तिने माझ्याकडे कसं बघितलं ते इथे लिहीत नाही! पण त्या खापरांमागे दीडशे वर्षांपेक्षा जुनी एक गोष्ट आहे. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. ही गोष्ट मात्र मला सत्तरी ओलांडल्यावर कळली, आणि तीही चार मासे गमावून.

झालं असं, की नातवाच्या वाढदिवसाला आमच्या चिरंजीवांनी काचेची टाकी आणि सहा मोली आणले. सोबत फिल्टर. त्यात स्पंजचा एक तुकडा आणि सिरॅमिकच्या बारीक नळ्यांची पिशवी. दुकानदाराने बजावलं, दर महिन्याला हे सगळं नवीन घाला. पिशवीची किंमत ऐकली आणि माझ्यातला पेन्शनर जागा झाला. नवीन कशाला? तेच धुऊन वापरू की! मग दर रविवारी स्पंज आणि नळ्या नळाखाली धरून मी अगदी पांढरंशुभ्र होईपर्यंत चोळू लागलो. पाणी आरशासारखं दिसायचं. मासे मात्र वर येऊन तोंडाची उघडझाप करायचे. दीड महिन्यात चार गेले.

नातू आठ वर्षांचा. त्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही तर दर रविवारी सगळं धुता. मग मेले कसे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेत विज्ञानाचे मास्तर रजेवर असले की सामान्य विज्ञानाचा तास मीच घ्यायचो. एकावर एक ठेवलेल्या वाळू-कोळशाच्या माठांची आकृती फळ्यावर काढायचो आणि सांगायचो, गाळणं म्हणजे घाण अडवणं. त्यापलीकडे माझी मजल नव्हती. पण प्रश्न टोचत राहिला, म्हणून जुन्या सवयीने इतिहासात शिरलो.

गोष्ट सुरू होते १८४९ साली, लंडनमध्ये. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या मोठ्या भांड्यात दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. हिशेब सरळ होता. वनस्पतीने माशांना प्राणवायू द्यायचा, माशांनी वनस्पतीला कार्बन डायऑक्साइड. पण पानं कुजू लागली आणि पाणी गढूळ झालं. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि घरोघरी काचेच्या टाक्या ठेवण्याचं वेडच लागलं.

मासा, वनस्पती, गोगलगाय. वॉरिंग्टनच्या जमाखर्चात ही तीन नावं होती. चौथं राहून गेलं होतं, कारण ते डोळ्यांना दिसत नव्हतं.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही. पाण्यातला अमोनिया जसाच्या तसा! मग अचानक अमोनिया जाऊन नायट्रेट येऊ लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर काम थांबलं. वाफ काढून थोडी मातीची धुवण घातली तर काही दिवसांनी पुन्हा सुरू झालं. म्हणजे हे काम वाळूचं नव्हे, वाळूवर राहायला आलेल्या जिवांचं!

हा प्रयोग इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथल्या शेतीसंशोधन केंद्रात एकाने पडताळून पाहिला आणि पुढे नेला. त्याने दाखवलं की हे काम दोन टप्प्यांत होतं आणि दोन वेगवेगळे जिवाणू ते करतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. त्याचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. होय, तेच नाव! गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनचा हा मुलगा. वडिलांनी ते भांडं मांडलं तेव्हा हा दहा-अकरा वर्षांचा होता. हे जिवाणू पहिल्यांदा वेगळे करून दाखवण्याचं श्रेय १८९० मध्ये विनोग्राडस्कीला मिळालं, पण वडिलांच्या जमाखर्चातली राहिलेली ओळ लेकाने भरली होती. वडील मात्र १८६७ मध्येच वारले होते.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिलो. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. तो विषारी, नायट्राइटही विषारी. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी आणि अधूनमधून थोडं पाणी बदललं की कमी होतं. ही सगळी धुलाई करणारे जीव त्या स्पंजवर घर करू पाहत होते आणि मी दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याने त्यांचा नायनाट करत होतो. मासे घाणीने नाही मेले, माझ्या टापटिपीने मेले.

मग लक्षात आलं, की या जिवांना महागडी नळी आणि फुटकं खापर यांतला भेद कळत नाही. त्यांना हवी चिकटायला जागा आणि वाहतं पाणी. आता आमच्या फिल्टरमध्ये आहेत माठाच्या खापरांचे तुकडे (बिनरंगाचा, बिनलेपाचा माठ, तुकडे गरम पाण्याने धुतलेले), साबण न लागलेल्या नायलॉनच्या दोन नव्या घासण्या आणि फोमचा एक चौकोन. जुना स्पंज महिनाभर शेजारी तसाच राहू दिला, म्हणजे वस्ती नव्या घरात पसरते. धुवायचंच झालं तर टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसतं हलकं पिळायचं. दुकानातल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनची जागा चुलीतला कोळसा घेत नाही, पण रोजच्या टाकीला त्याची गरजही नसते.

पैसे वाचले, हे खरं. पण वाचवता न येणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे वेळ. वस्ती बसायला काही आठवडे लागतातच. मी ते दिले नव्हते.

नातवाला सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. तो उरलेल्या दोन मोलींकडे बघत होता. म्हणाला, "त्या मुलाच्या बाबांना कळलंच नाही ना शेवटपर्यंत?"

"नाही," म्हटलं.

"पण तुम्हाला कळलं."

असो. त्या दोन मोलींना आता पिल्लं झाली आहेत. स्पंज तपकिरी आणि बुळबुळीत झाला आहे. सौ. त्याला घाण म्हणते. मी काही बोलत नाही, फक्त रविवारी हात मागे बांधून बसतो.