नकाशा बरोबर होता

जबलपूरच्या भूकंपाची तारीख परदेशी सूच्यांत 21 मे 1997 अशी मिळते, आपल्या अहवालांत 22 मे. दोन्ही खऱ्या. ग्रीनिचच्या घड्याळात रात्रीचे 10.51 झाले होते, तेव्हा जबलपूरच्या दीक्षितपुरा वस्तीत पहाटेचे 4.21 वाजले होते.

धक्का 5.8 क्षमतेचा होता. केंद्र शहराजवळच्या कोसमघाटाकडे, खोली सुमारे 35 किलोमीटर. खोलीचा हा आकडा खात्रीने सांगता आला तो किल्लारीच्या भूकंपामुळे. 30 सप्टेंबर 1993 नंतर भारतीय हवामान खात्याने द्वीपकल्पातली दहा निरीक्षण केंद्रे नव्या ब्रॉडबँड भूकंपमापकांनी सज्ज केली. त्यांत पुणे आणि कराडही होते. जबलपूरचा भूकंप ही या जाळ्याची पहिली मोठी परीक्षा. कोयना धरणाजवळच्या भूकंपाच्या आठवणीने मराठी वाचकाला लगेच जबलपूरजवळच्या बरगी धरणाचा संशय येईल, पण जलाशयामुळे होणारे भूकंप उथळ असतात. इतक्या खोलवरच्या धक्क्याचे खापर धरणावर फोडणे कठीण.

हा भूकंप कागदोपत्री तरी अनपेक्षित नव्हता. जबलपूर ज्यात येते त्या नर्मदा-सोन पट्ट्यातले 1846, 1927 आणि 1938 चे धक्के सूच्यांत होते. हैदराबादच्या भूभौतिक संस्थेने हिरापूर-मंडला रेषेवर सुरुंगांच्या कंपनांनी कवचाचा छेद तपासला होता. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा या पट्ट्यावरचा ग्रंथ 1995 मध्ये निघाला होता. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकातल्या (आयएस 1893) भूकंपक्षेत्रांच्या नकाशात जबलपूर झोन 3 मध्ये होते. किल्लारी मात्र झोन 1 मध्ये, म्हणजे सर्वांत निर्धोक! तिथे नकाशा चुकला. इथे चुकला नव्हता. तरीही सुमारे 40 माणसे गेली आणि हजारो घरे पडली.

असे का झाले, याचे उत्तर मला पाहणी करणाऱ्या अभियंत्यांच्या अहवालांत सापडते. मातीच्या गाऱ्यातल्या विटांच्या भिंती ढासळल्या होत्या, त्याचे नवल नाही. पण गाड्यांसाठी तळमजला मोकळा सोडलेल्या नव्या काँक्रीट इमारतींचे खांबही फुटले होते. झोनचा आकडा वेधशाळेला ठाऊक होता. महानगरपालिकेच्या परवानगीच्या टेबलापर्यंत त्याचे वजन पोचलेच नव्हते. शिवाय एका झोनमध्ये अख्खे शहर येते. कुठल्या मोहल्ल्याखाली खडक, कुठे गाळ, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने पुढे जबलपूरचे भूकंपीय सूक्ष्मविभागीकरण हाती घेतले.

2002 मध्ये मानक बदलले. झोन 1 रद्द झाला, किल्लारी झोन 3 मध्ये आली, जबलपूर होते तिथेच राहिले. मोकळ्या तळमजल्याचे खांब अधिक भक्कम करण्याची तरतूद आली, तीही नव्या इमारतींच्या आराखड्यासाठी. दीक्षितपुऱ्यातल्या आधीच उभ्या असलेल्या घरांचा तिच्याशी काही संबंध नव्हता.