कवटी स्वतःहून बोलते का?



आज ज्या चिन्हाबद्दल बोलायचं आहे, ते आपल्या गल्लीतल्या डीपीवर लटकलेलं असतं. पत्र्याची पाटी, तिच्यावर कवटी, फुलीसारखी ठेवलेली दोन हाडं आणि 'धोका' हा शब्द. ही महावितरणच्या कुणा चित्रकाराची हौस नव्हे बरं का. 1956 च्या भारतीय वीज नियमांनी सांगून ठेवलं होतं की धोक्याची सूचना हिंदीत किंवा इंग्रजीत, शिवाय जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत लावा, आणि सोबत कवटी व हाडांचं चिन्ह हवंच. कायद्याच्या मनातलं गृहीत असं, की ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला कवटी वाचता येते.

हे गृहीत खरं आहे का?

आपल्या दर्शनांमध्ये यावर जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, शब्द आणि अर्थ यांचं नातं स्वाभाविक आहे, कुणी ठरवलेलं नाही. नैयायिक म्हणतात, छे, ते संकेताने ठरतं. नातं जर स्वाभाविक असेल, तर 'अग्नी' म्हटल्यावर तोंड भाजायला हवं! हा वाद शब्दांचा आहे. पण कवटीपुढे आलो की आपण सगळे नकळत मीमांसक होतो. कवटी म्हणजे मृत्यू, त्यात शिकायचं काय, असं वाटतं.

इतिहास मात्र नैयायिकांच्या बाजूने साक्ष देतो. इथून तीसेक किलोमीटरवर वेरूळ आहे. तिथल्या 21 क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात सप्तमातृकांच्या जवळ काल आणि काली यांचे हाडांचे सांगाडे कोरलेले आहेत. ते 'लांब राहा' असं सांगत नाहीत. उलट म्हणतात, जवळ ये, नीट बघ, काळ कुणाला सोडत नाही. युरोपातल्या जुन्या थडग्यांवरची कवटी साधारण हेच सांगायची. मग 1700 च्या सुमारास इमॅन्युएल विन नावाच्या फ्रेंच चाच्याच्या निशाणावर कवटी, हाडं आणि वाळूचं घड्याळ दिसलं. चित्र तेच, पण अर्थ झाला, शरण ये, तुझी वेळ भरली. 1759 मध्ये उभ्या राहिलेल्या ब्रिटिशांच्या 17 व्या लान्सर्स पलटणीने हीच कवटी टोपीवर मिरवली, 'मृत्यू किंवा कीर्ती' या अर्थाने. याच पलटणीचे स्वार 1858 मध्ये तात्या टोप्यांच्या पाठलागावर होते. आणि त्याच एकोणिसाव्या शतकात कवटी विषाच्या बाटलीवर आली.

म्हणजे बघा, एकच कवटी चिंतन शिकवते, धमकी देते, शौर्य मिरवते आणि जीवही वाचवते. कुठला अर्थ घ्यायचा ते चित्र सांगत नाही. ते माणसं सांगतात.

आता कपाशीच्या शेतात येऊ. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्याच्या लेबलवर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग भरतात. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. कवटी फक्त लाल रंगाच्या वर. पिवळ्यावर इंग्रजीत 'पॉयझन' हा शब्द असतो, कवटी नसते. ज्याला वाचता येत नाही तो काय समजेल? कवटी नाही, म्हणजे विष नाही. ज्याच्यासाठी चित्र काढलं, त्यालाच चित्राचा अभाव चकवतो.

पुढची गोष्ट त्याहून गंभीर आहे. नैयायिक सांगतात, मूल शब्दाचा अर्थ शिकतं ते वडीलधाऱ्यांच्या बोलण्या-वागण्यातून. याला वृद्धव्यवहार म्हणतात. आपल्याकडे व्यवहार काय आहे? 'आज कपाशीवर औषध मारायचंय.' 'औषध आणलं का?' डबा म्हणतो विष आणि घर म्हणतं औषध. घराचंच खरं ठरणार ना! शिवाय डबा एकजण विकत आणतो, ड्रममध्ये दुसरा कालवतो आणि पंप पाठीवर तिसरा घेतो. बहुतेक वेळा तो मजूर असतो. त्या पंपावर कवटीही नसते आणि त्रिकोणही नसतो.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो लोक दवाखान्यात होते. उंच वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणं, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, अशी अनेक कारणं तेव्हा पुढे आली. बघा, मीही आत्ता 'औषधांची' म्हणालो! ही सवय इतकी खोल आहे.

चिन्ह छापलं की छापणाऱ्याला वाटतं, आपलं कर्तव्य संपलं, आता न वाचणाऱ्याचा दोष. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हा युक्तिवाद टिकत नाही. अर्थ संकेताने ठरत असेल, तर संकेत शिकवणं ही ठरवणाऱ्याची जबाबदारी आहे. सरकार, कंपनी, दुकानदार, शेतमालक, सगळ्यांची. आणि थोडी आपलीही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं गावाकडे शेत असेल. पुढच्या फवारणीच्या वेळी ज्याच्या पाठीवर पंप आहे, त्याला रिकामा डबा दाखवा आणि औषध न म्हणता 'हे विष आहे' असं स्पष्ट सांगा.

इथे थांबतो.