मत गुप्त, पण हजेरी उघड

निवडणुकीच्या दिवसांत खाणीच्या, कारखान्याच्या किंवा कार्यालयाच्या मालकाने आपल्या कामगारांना एखाद्या उमेदवाराच्या सभेला 'या' म्हटले, तर त्याला निमंत्रण म्हणायचे की हुकूम? ज्याच्या हाती पगार आणि नोकरी आहे, त्याच्या विनंतीला नकार देणे सोपे नसते. लोकशाही देशांनी मतदाराचे मत मालकाच्या नजरेपासून सुरक्षित ठेवण्यासाठी दीडशे वर्षांपूर्वीच उपाय शोधून काढला. मतदाराच्या हजेरीचे काय, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. अमेरिकेत २०१२ आणि २०१९ मध्ये घडलेल्या दोन घटनांनी तो ठळकपणे पुढे आणला.

बील्सव्हिलची सभा

ओहायो राज्यातील बील्सव्हिल या छोट्या गावाजवळ सेंच्युरी ही कोळशाची खाण होती. तिची मालकी मरे एनर्जी या कंपनीकडे होती. १४ ऑगस्ट २०१२ रोजी रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांची तेथे सभा झाली. उमेदवाराच्या पाठीशी खाणकामगारांची रांग उभी होती. ओबामा सरकारच्या पर्यावरणविषयक धोरणांमुळे कोळसा उद्योग संकटात आला आहे, हा रॉम्नी यांच्या प्रचाराचा एक प्रमुख मुद्दा होता. साहजिकच, त्या रांगेचे छायाचित्र शेकडो शब्दांच्या भाषणापेक्षा प्रभावी ठरणारे होते. पुढे रॉम्नी यांच्या प्रचाराच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीतही ती दृश्ये वापरली गेली.

सभेनंतर काही दिवसांतच जवळच्या व्हीलिंग शहरातील एका नभोवाणी केंद्राच्या निवेदकाकडे कामगारांच्या तक्रारी येऊ लागल्या. सभेच्या दिवशी खाण बंद ठेवण्यात आली, त्या दिवसाचा पगार मिळाला नाही आणि सभेला जाणे सक्तीचे असल्याचे सांगण्यात आले, असे त्यांचे म्हणणे होते. निवेदकाने कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यांना थेट विचारले. त्यांनी दिलेले उत्तर अमेरिकेच्या राजकीय चर्चेत बराच काळ गाजत राहिले. सभेला उपस्थित राहणे अनिवार्य आहे, असे व्यवस्थापकांनी कामगारांना कळवले होते. मात्र कोणावरही बळजबरी झाली नाही, असे ते म्हणाले.

ऐकणाऱ्यांना हे विधान विसंगत वाटले. तरीही मालक आणि नोकर यांच्या नात्याचे नेमके वर्णन त्यात आले होते. येथे हात धरून ओढून नेण्याची गरज पडत नाही. 'अनिवार्य' हा एक शब्द पुरेसा असतो. पुढचे काम कामगाराच्या घरचा जमाखर्च करतो. पगार न देण्यामागे कंपनीने दिलेले कारणही लक्षात घेण्याजोगे आहे. राजकीय सभेला जाण्याबद्दल कामगारांना वेतन देणे निवडणूक कायद्यात बसत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. उमेदवारांना कंपन्यांचा पैसा मिळू नये म्हणून केलेल्या नियमाचा भुर्दंड अशा रीतीने खाणकामगाराच्या खिशाला बसला. ओहायोतील एका संघटनेने या प्रकरणी केंद्रीय निवडणूक आयोगाकडे तक्रारही केली. नोव्हेंबरात ओबामा पुन्हा निवडून आले आणि त्यानंतर काही दिवसांतच मरे एनर्जीने आपल्या अन्य राज्यांतील खाणींमधून दीडशेहून अधिक जणांना कामावरून कमी केले.

'दिवस प्रशिक्षणाचा'

सात वर्षांनंतर, १३ ऑगस्ट २०१९ रोजी पेनसिल्व्हानियातील मोनाका येथे शेल कंपनीच्या रसायन प्रकल्पाच्या बांधकामावर तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे भाषण झाले. तेथील हजारो कामगार वेगवेगळ्या ठेकेदार कंपन्यांकडे कामाला होते. त्यांना मिळालेल्या सूचनापत्राचा तपशील 'पिट्सबर्ग पोस्ट-गॅझेट' या दैनिकाने प्रसिद्ध केला. उपस्थिती सक्तीची नाही, असे त्यात म्हटले होते. पण सकाळी येऊन ओळखपत्राची नोंद करावी आणि भाषण संपेपर्यंत थांबावे. जो नोंद करणार नाही त्याला पैसे मिळणार नाहीत, असेही त्यात होते. घोषणा देऊ नयेत, निषेध करू नये, अशी ताकीदही होती. जो येणार नाही त्याची गैरहजेरी माफ, पण बिनपगारी. शिवाय त्या आठवड्याच्या ओव्हरटाइमवरही त्याला पाणी सोडावे लागणार होते.

कंपनीने हा दिवस भरपगारी प्रशिक्षणाचा असल्याचे सांगितले आणि त्यातील पाहुणे वक्ते योगायोगाने देशाचे अध्यक्ष आहेत, असा खुलासा केला. हा कार्यक्रमही प्रचारसभा म्हणून नव्हे, तर सरकारी कार्यक्रम म्हणून जाहीर झाला होता. प्रत्यक्ष भाषणात मात्र ट्रम्प यांनी कामगार संघटनांचे नेते आपल्याला पाठिंबा देणार नसतील तर त्यांना पदावरून हटवा, असे आवाहन केले. बील्सव्हिलमध्ये पगार कापला गेला, तर मोनाकात पगाराचे आमिष होते. पद्धती परस्परविरुद्ध असल्या, तरी दोन्हीकडे कामगाराची उपस्थिती मजुरीशी जोडली गेली.

गुप्त मतदान कशासाठी आले?

या प्रश्नाची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. त्या काळी अमेरिकेत सरकारी मतपत्रिका नव्हती. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांची नावे छापलेल्या चिठ्ठ्या वाटत असे आणि मतदार त्यांतली एक सर्वांदेखत पेटीत टाकत असे. अनेकदा चिठ्ठीचा रंग आणि आकार यांवरूनच पक्ष ओळखू येई. मतदान केंद्राशी उभ्या असलेल्या मुकादमाला आपल्या कामगाराच्या हातात कोणती चिठ्ठी आहे हे सहज दिसे. या दडपणावरचा उपाय ऑस्ट्रेलियातून आला. तेथील व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ मध्ये सरकारने छापलेली मतपत्रिका आणि आडोशात मतदान ही पद्धत सुरू केली. ब्रिटनने १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८८ मध्ये ही पद्धत स्वीकारली आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक राज्ये तिच्या मागोमाग गेली.

तिची कसोटी १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत लागली. सुवर्णचलनाचे समर्थक विल्यम मॅकिन्ली आणि चांदीच्या नाण्यांचा पुरस्कार करणारे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्यात लढत होती. बहुसंख्य उद्योगपती मॅकिन्ली यांच्या बाजूने होते. ब्रायन जिंकले तर कारखाना उघडणार नाही, असे काही मालकांनी कामगारांना बजावले. मॅकिन्ली विजयी झाले तरच माल घेऊ, अशा अटीवर मागण्या नोंदवल्या गेल्या. ३१ ऑक्टोबर १८९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्यापारी व उद्योजकांनी काढलेल्या सुवर्णचलनाच्या मिरवणुकीत लाखाच्या आसपास लोक चालले.

यावर ब्रायन यांनी कामगारांना दिलेला सल्ला आजही विचार करायला लावणारा आहे. नोकरी टिकवण्यासाठी आवश्यकच असेल तर रिपब्लिकन पक्षाचा बिल्ला लावा, त्यांच्या मिरवणुकीत चाला, वेळ पडली तर वर्गणीही द्या. मतदानाच्या दिवशी मात्र सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या, असा त्याचा आशय होता. गुप्त मतदानाने मत आणि हजेरी यांची फारकत केली होती. मत कामगाराचे राहिले. त्याचे शरीर, त्याची छाती आणि तिच्यावरचा बिल्ला मात्र मालकाच्या दृष्टीच्या टप्प्यात राहिले. ब्रायन यांनी ही तडजोड स्वीकारली. तरीही ते हरले.

१९३६ मध्ये हेच दडपण पगाराच्या पाकिटातून आले. सामाजिक सुरक्षा कायद्यानुसार जानेवारी १९३७ पासून वेतनातून एक टक्का कपात होणार होती. निवडणुकीच्या तोंडावर अनेक कारखान्यांतील पाकिटांत या कपातीविरुद्ध इशारा देणाऱ्या चिठ्ठ्या आल्या. मालकालाही तेवढीच रक्कम भरावी लागणार आहे, ही गोष्ट त्यांतून वगळलेली होती. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी प्रचाराच्या अखेरच्या सभेत या प्रकाराचा कडक समाचार घेतला आणि ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली.

कायदा काय सांगतो?

अशा अनुभवांतून आलेल्या तरतुदी अमेरिकेच्या कायद्यांत विखुरलेल्या आहेत. मतदाराला मतासाठी धाकदपटशा दाखवणे हा केंद्रीय गुन्हा आहे. राजकीय निधीला वर्गणी दिली नाही म्हणून कामगाराला नोकरीत त्रास देण्यास मनाई आहे. सरकारी नोकरांना १९३९ च्या हॅच कायद्याचे कवच आहे आणि केवळ पक्षनिष्ठेच्या कारणावरून सामान्य सरकारी नोकराला काढता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. खासगी नोकरदाराची स्थिती वेगळी आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनादत्त हमी सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही. आणि बहुतेक राज्यांत मालक कोणतेही कारण न देता कामावरून काढू शकतो.

ज्या ओहायोत बील्सव्हिलचे प्रकरण घडले, तेथील कायद्याचेच उदाहरण घ्यावे. कामगारांच्या राजकीय भूमिकेवर प्रभाव टाकणारा मजकूर पगाराच्या पाकिटावर छापणे तेथे निषिद्ध आहे. अमुक उमेदवार निवडून आला तर काम बंद पडेल, अशा धमकीचे फलक कारखान्यात लावणेही निषिद्ध आहे. १८९६ मधील धमक्यांची आणि पाकिटातील प्रचाराची दखल या कायद्याने घेतली आहे. खाण बंद ठेवून कामगारांना सभेला बोलावण्याचा उल्लेख मात्र त्यात नाही.

त्यातच २१ जानेवारी २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. कंपन्यांना निवडणुकीत स्वतंत्रपणे प्रचारखर्च करण्याची मुभा त्यामुळे मिळाली. तोपर्यंत कंपनीला उमेदवाराचा उघड प्रचार भागधारक व वरिष्ठ अधिकारी यांच्यापुरताच करता येत असे. आता सर्वसामान्य कर्मचाऱ्यांपर्यंतचा मार्गही मोकळा झाला. जून २०१२ मध्ये लहान उद्योजकांशी बोलताना खुद्द रॉम्नी यांनीच, कोणाचा विजय तुमच्या उद्योगाच्या आणि कामगारांच्या हिताचा आहे ते त्यांना सांगा, त्यात बेकायदा काही नाही, असे सुचवले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोक उद्योगसमूहातील जॉर्जिया-पॅसिफिक कंपनीच्या सुमारे ४५ हजार कर्मचाऱ्यांच्या घरी समूहाची पसंती असलेल्या उमेदवारांची यादी पोहोचली. राज्यशास्त्रज्ञ अलेक्झांडर हर्टेल-फर्नांडेझ यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुमारे चारांपैकी एका अमेरिकी कर्मचाऱ्याला मालकाकडून राजकीय स्वरूपाचा संदेश मिळाल्याचे दिसून आले.

काही राज्यांनी मात्र उपस्थितीचा प्रश्न थेट हाती घेतला. राजकीय किंवा धार्मिक विषयावरील मालकाच्या बैठकीला न जाणाऱ्या कामगारावर कारवाई करता येणार नाही, असे कायदे न्यू जर्सीने २००६ मध्ये, ओरेगॉनने २००९ मध्ये, कनेक्टिकटने २०२२ मध्ये आणि मिनेसोटा व न्यूयॉर्कने २०२३ मध्ये केले. उद्योजकांच्या संघटनांनी यांतील काही कायद्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर न्यायालयात आव्हान दिले आहे. त्यांचा युक्तिवाद सर्वस्वी टाकाऊ नाही. सरकारी धोरणाने धंदा बुडणार असेल, तर ते कामगारांना सांगण्याचा अधिकार मालकाला असलाच पाहिजे. परंतु बोलण्याचा अधिकार म्हणजे दुसऱ्याला ऐकायला बसवण्याचा अधिकार नव्हे. आणि उमेदवाराच्या मागे उभे करून दुसऱ्याच्या चेहऱ्याने बोलण्याचा तर नव्हेच.

आपल्याकडील स्थिती

भारतात लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(२) नुसार मतदाराच्या मताधिकाराच्या मुक्त वापरात ढवळाढवळ करणे हा भ्रष्टाचार ठरतो. पूर्वी भारतीय दंड संहितेत असलेला अनुचित प्रभावाचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये आला आहे. १९९६ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १३५-ब नुसार मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते. ती न देणाऱ्या मालकाला दंड मात्र जास्तीत जास्त ५०० रुपयांचा. या सर्व तरतुदी मताभोवती फिरतात. कामगाराला सभेला नेणे हा मताधिकारातील हस्तक्षेप आहे, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. आणि त्यासाठी मालकाविरुद्ध साक्ष द्यायला कामगारालाच उभे राहावे लागते.

मतांची गुप्तताही आपल्याकडे वाटते तितकी भक्कम नाही. मतदान यंत्रे आल्यापासून प्रत्येक केंद्राचा निकाल वेगळा कळतो. ज्या केंद्राच्या यादीत प्रामुख्याने एका कारखान्याची किंवा मळ्याची वसाहत आहे, तेथील कल त्यामुळे उघड होतो. अनेक यंत्रांतील मतांची एकत्रित मोजणी करणारे 'टोटलायझर' वापरावे, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली होती. तिची अंमलबजावणी झालेली नाही. २०२२ मध्ये गुजरातेत निवडणूक यंत्रणेने हजाराहून अधिक उद्योगांशी करार करून, मतदान न करणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे सूचनाफलकावर किंवा संकेतस्थळावर लावण्याची कल्पना पुढे आणली. मतदान वाढवण्याचा हेतू चांगला असला, तरी कामगाराच्या राजकीय हजेरीचा हिशेब मालकाच्या हाती देण्यातला धोका त्यात होताच.

सभेतील गर्दी हे लोकशाहीत एक प्रकारचे प्रमाणपत्र असते. ती पाहून काठावरचा मतदार झुकतो, पत्रकार अंदाज बांधतात, विरोधक धास्तावतो. ही गर्दी हजेरीपटावरून जमवलेली असेल, तर फसवणूक केवळ त्यात उभ्या असलेल्या कामगाराची होत नाही. पाहणाऱ्या प्रत्येकाची होते. ब्रायन यांच्या काळात मत वाचवणे हीच मोठी मजल होती. सव्वाशे वर्षांनंतर कामगाराला घरी थांबण्याचा अधिकार पगार न गमावता मिळावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.