खेड्यातले अस्सल, शहरातले नकली?

आयरिश संगीताच्या रसिकांत एक मत इतक्या ठामपणे मांडले जाते, की त्याला पुरावा मागणेही उद्धटपणाचे वाटावे. ते मत असे. हे संगीत आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यांचे. क्लेअर, स्लायगो, डोनेगल या काउंट्यांत, घरोघरच्या चुलीशेजारी, नाचणाऱ्यांच्या पावलांबरोबर ते घडले. प्रत्येक मुलखाची फिडल वाजवण्याची शैली वेगळी होती. शिकागो, न्यूयॉर्क, लंडन या शहरांत ते स्थलांतरितांबरोबर गेले, पण तिथे उरली ती केवळ आठवण. पबच्या गोंगाटात ऐकू जावे म्हणून लय चढली, गिटार आली, शैलींची सरमिसळ झाली. तेव्हा शहरातला आयरिश बँड म्हणजे नक्कल.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. संत पॅट्रिकच्या सणाला एखाद्या महानगरात भरधाव, कर्कश वादन ज्याने ऐकले आहे, त्याला तो पटेलच. पण मत पटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. सिद्धतेसाठी इतिहासाकडे जावे लागते, आणि इतिहास या मताच्या बाजूने साक्ष देत नाही.

पहिली साक्ष शिकागोची. फ्रान्सिस ओनील हा कॉर्क काउंटीतला, बँट्रीजवळच्या ट्रलिबेन गावचा मुलगा. जन्म १८४८चा. कोवळ्या वयात घर सोडून जहाजावर चढला, जग हिंडला, १८७३ साली शिकागोच्या पोलिसांत भरती झाला आणि १९०१ ते १९०५ या काळात त्या दलाचा प्रमुख होता. त्याच शहरात त्याने आयर्लंडच्या निरनिराळ्या मुलखांतून आलेले वादक हेरले आणि त्यांच्याकडच्या चाली गोळा केल्या. स्वरलेखनाचे मुख्य काम जेम्स ओनील या दुसऱ्या पोलिसाने केले. १९०३ साली १,८५० चालींचा संग्रह निघाला, १९०७ साली १,००१ नृत्यचालींचा. हा दुसरा संग्रह पुढे आयर्लंडमधल्या वादकांच्या पिढ्यांनी प्रमाण मानला. हे काम शिकागोतच का झाले? कारण उघड आहे. खेड्यातल्या वादकाला प्रामुख्याने आपल्या पंचक्रोशीच्या चाली ठाऊक. मन्स्टर, कॉनॉट आणि अल्स्टरचे वादक रोजच्या रोज एकमेकांना भेटू शकतील अशी जागा आयर्लंडच्या खेड्यात नव्हती. ती स्थलांतरितांच्या शहरात होती. ज्या सरमिसळीला प्रतिपक्ष दोष म्हणतो, तिच्यामुळेच हा ठेवा एकत्र झाला.

दुसरी साक्ष न्यूयॉर्कची, आणि ती अधिक निर्णायक आहे. मायकेल कोलमन १८९१ साली स्लायगो काउंटीत जन्मला आणि १९१४ साली अमेरिकेला गेला. १९२१ ते १९३६ या काळात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या फिडलच्या तबकड्या निघाल्या. जेम्स मॉरिसन आणि पॅडी किलोरन हेही स्लायगोचेच, आणि त्यांनीही न्यूयॉर्कमध्येच ध्वनिमुद्रण केले. या तबकड्या समुद्र ओलांडून आयर्लंडच्या घराघरांत गेल्या आणि तिथले वादक त्यांवरून शिकू लागले. कोलमनने १९३४च्या एका तबकडीत रील या नृत्यप्रकाराच्या तीन चाली ज्या क्रमाने जोडल्या, त्याच क्रमाने त्या आजही वाजवल्या जातात. नक्कल मुळाला शिकवते काय?

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येतो. तो म्हणेल: नेमके हेच आमचे दुःख आहे, या तबकड्यांच्या तेजापुढे इतर मुलखांच्या शैली झाकोळल्या. हे खरे आहे, आणि ते नुकसान मीही मान्य करतो. परंतु त्यातून काय सिद्ध होते? शहरातले वादन बेचव नक्कल होते हे नव्हे. त्यात इतके सामर्थ्य होते, की ते ऐकून गावच्या वादकांनी स्वतःहून आपली वाट बदलली, हे सिद्ध होते. शहराला एकाच श्वासात निर्जीव आणि सर्वग्रासी म्हणता येणार नाही. शिवाय झाकोळलेली शैली वर आली ती कुठल्या वाटेने? पूर्व क्लेअरचा फिडलवादक मार्टिन हेस शिकागोत राहिला. तिथे त्याने त्याच शहरात जन्मलेल्या डेनिस काहिल या गिटारवादकाबरोबर विजेच्या वाद्यांचा बँडही केला. पुढे याच जोडीने क्लेअरची संथ, आर्त शैली जगभर नेली. गिटारने लय बिघडते म्हणणाऱ्यांनी काहिलचे ते मोजके, जवळजवळ मौन पाळणारे स्वर एकदा शांतपणे ऐकावेत.

आता त्या अखंड ग्रामीण परंपरेचे चित्र तपासू. १९३५ साली आयर्लंडमध्ये सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा आला. परवान्याशिवाय नाच बेकायदा ठरले आणि त्याच्या आधारे पाद्री व पोलीस यांनी घरगुती नाचांवरही टाच आणली. पुढे १९५०च्या दशकात सुमारे चार लाख माणसे देश सोडून गेली. ज्या चुलीशेजारी हे संगीत अखंड नांदत होते असे सांगितले जाते, तिथे वाजवायला आणि नाचायला उरले किती? त्याच काळात लंडनच्या कॅम्डन आणि केंटिश टाउनमध्ये बांधकाममजूर संध्याकाळी पबमध्ये फिडल आणि बासरी घेऊन बसत होते. पबमधले ‘सेशन’ आज आयरिश खेड्याची ओळख मानले जाते. पण नाचासाठी नव्हे, तर एकमेकांसाठी वाजवत बसण्याची ही रीत रुजली ती मुख्यतः या स्थलांतरितांत. ‘केली’ या नावाने भरणारा सामूहिक नाचाचा पहिला जाहीर कार्यक्रमदेखील १८९७ साली लंडनच्या ब्लूम्सबरीत झाला.

वाद्यांच्या शुद्धतेविषयी फार बोलायला नको. फिडल इटलीतून आले, अ‍ॅकॉर्डियन मध्य युरोपातून, टेनर बँजो अमेरिकेतून, बुझुकी १९६०च्या दशकात ग्रीसहून. उरले इलन पाइप्स हे मशकवाद्य. तेच खरे आयर्लंडचे वाद्य. पण त्यांचा आज प्रचलित असलेला चढ्या, भरदार आवाजाचा प्रकार फिलाडेल्फियातल्या टेलर बंधूंनी अमेरिकेतल्या मोठ्या सभागृहांसाठी घडवला. शहर वजा केले तर प्रतिपक्षाच्या हाती कोणते वाद्य राहते?

सुमार शहरी बँड आहेतच. डब्लिनच्या टेंपल बार भागातही पर्यटकांसाठी तसलेच वादन चालते. म्हणजे ही रेषा आयर्लंड आणि परदेश यांच्यामध्ये ओढता येत नाही. ती ऐकणारा वादक आणि न ऐकणारा वादक यांच्यामध्ये आहे.

एक साक्ष उरली. लिझ कॅरोल १९५६ साली शिकागोत जन्मली, तिथेच वाढली, तिथेच फिडल शिकली. १९७५ साली, विशीही न गाठलेली ही मुलगी आयर्लंडला गेली आणि अखिल आयर्लंड स्पर्धेतले वरिष्ठ गटाचे फिडलचे अजिंक्यपद जिंकून आली. पुढे तिने स्वतः शेकडो चाली रचल्या. त्यांतल्या कितीतरी आज आयर्लंडमधल्या वादकांच्या बोटांवर आहेत. शहराला फक्त नक्कल करता येते असे म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की या चाली कशाची नक्कल आहेत?