आजोबा सोक्रातिस, नात नेफेली

1819 साली कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क ग्रेगरी पाचवे यांनी एक परिपत्रक काढलं. ऑर्थोडॉक्स चर्चच्या या सर्वोच्च धर्मगुरूंना खटकलेल्या गोष्टींत एक गोष्ट बारशाची होती. ग्रीक आईबाप बाप्तिस्म्याच्या वेळी संतांची नावं बाजूला ठेवून लेकरांना प्राचीन ग्रीकांची नावं देऊ लागले होते. योआनिस, योर्गोस, मारिया ही पिढ्यान्‌पिढ्यांची नावं मागे पडत होती आणि पेरिक्लीस, थेमिस्तोक्लीस, अस्पासिया पुढे येत होती. ख्रिस्ती बाळाला मूर्तिपूजकांचं नाव कशाला, असा पॅट्रिआर्कचा आक्षेप होता.

ही लाट पोरांनी स्वतःही उचलली होती. 1817 मध्ये एजियन समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, किदोनिएस इथल्या विद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी आपसांत फक्त प्राचीन ग्रीक बोलायचं ठरवलं आणि आपली नावंसुद्धा प्राचीन करून घेतली. पॅरिसच्या प्रसिद्ध मुद्रक घराण्यातला आंब्रोआझ फिर्मँ-दिदो त्या वेळी तिथे शिकायला होता. त्याने ही हकिगत आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली आहे. किदोनिएस आज तुर्कस्तानात आहे आणि त्याचं नाव आयवालिक आहे.

नावावरून एवढा वाद का व्हावा, हे कळायला एक शब्द पाहावा लागतो. बायझंटाइन काळात ‘हेलेन’ म्हणजे मूर्तिपूजक. ग्रीक बोलणारा साधा ख्रिस्ती माणूस स्वतःला ‘रोमिओस’, म्हणजे रोमन, म्हणवून घ्यायचा. ओटोमन राजवटीतही हेच चाललं. त्यामुळे मुलाचं नाव पेरिक्लीस ठेवणं म्हणजे आपण कोण, या प्रश्नाचं उत्तर बदलणं होतं. परिपत्रकानंतर दोनच वर्षांनी, 1821 मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि त्याच ग्रेगरींना ओटोमन सत्तेने ईस्टरच्या दिवशी त्यांच्याच पीठाच्या दारावर फाशी दिलं. त्या युद्धातल्या एका गाजलेल्या सरदाराचं नाव होतं ओदिसेआस आंद्रुत्सोस. तो इथाका बेटावर जन्मलेला, म्हणून त्याला इथाकाच्या राजाचं, ओडिसियसचं नाव मिळालेलं.

पॅट्रिआर्कचा राग मला समजतो, पण त्यांच्या चर्चच्या स्वतःच्या पंचांगात काय होतं तेही पाहायला हवं. ग्रीसमध्ये घरोघरी सापडणारं नाव दिमित्रिस. ते आलं थेस्सालोनिकीच्या संत दिमित्रिओसवरून, आणि दिमित्रिओस म्हणजे ‘दिमीतरचा’. दिमीतर ही धान्याची देवी. मुलीचं नाव ‘दिमित्रा’ ठेवलं की आजच्या ग्रीक भाषेत ते थेट देवीचंच नाव होतं, आणि तिचा नावदिवस मात्र संताच्या सणाला, 26 ऑक्टोबरला साजरा होतो. झाकिंथोस बेटाचा रक्षक संत दिओनिसिओस, म्हणजे मद्याच्या देवाचा, डायोनायससचा. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पॉल ज्यांची नावं घेतो त्यांत फीबी आहे, हर्मेस आहे आणि नीरियसही आहे. एक चंद्राशी जोडलेल्या आर्टेमिसचं बिरुद, एक देवांचा दूत, एक समुद्राचा वृद्ध देव. पहिल्या शतकातल्या या ख्रिस्ती माणसांना आपली नावं बदलावीशी वाटली नव्हती.

सगळ्यात सुंदर आहे तो 1 सप्टेंबर. त्या दिवशी थ्रेसमधल्या चाळीस कुमारी हुतात्म्यांचं स्मरण असतं, आणि पंचांगात त्यांची म्हणून दिलेली नावं वाचताना आपण एखाद्या प्राचीन मंदिराच्या अंगणात उभे आहोत असं वाटतं. अथिना, आफ्रोदिती, पांदोरा, साफो, पिनेलोपी, क्लिओ, एरातो, तेर्प्सिखोरी. ज्यांच्या नावाचा संतच नाही त्यांना पेंटेकॉस्टनंतरचा पहिला रविवार, म्हणजे सर्व संतांचा दिवस मोकळा असतो. चर्चने अशी वाट ठेवली आणि ती टिकली, हे मला मोठ्या मनाचं लक्षण वाटतं.

तरीही, ही नावं आज जिवंत आहेत ती क्रांतीच्या जोशामुळे, असं मी म्हणणार नाही. जोश एका पिढीत ओसरला असता. ती टिकली ग्रीकांच्या एका साध्या रिवाजामुळे: नातवाला आजोबांचं नाव, नातीला आजीचं. आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाच्या रूपाने घरात परत आणण्याची पद्धत होती, तेव्हा हे वेगळं समजवायला नको. एकोणिसाव्या शतकात कुणी तरी हौसेने मुलाचं नाव सोक्रातिस ठेवलं. त्याच्या नातवाला ते मिळालं तेव्हा ते तत्त्ववेत्त्याचं उरलं नव्हतं, आजोबांचं झालं होतं. जहाजसम्राट ओनासिसचं घर पाहा. तो स्वतः आरिस्तोतेलिस, 1906 मध्ये स्मिर्नाला जन्मलेला. वडील सोक्रातिस, आई पिनेलोपी, बहीण आर्टेमिस, सावत्र बहिणी मेरोपी आणि कालिरोई. वडिलांचं कुटुंब मूळचं कॅपाडोशियाचं, आणि तिथले कित्येक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरात तुर्की बोलत. बोली तुर्की, धर्म ख्रिस्ती आणि नावं प्राचीन ग्रीकांची.

मी ही नावं मुद्दाम आजच्या ग्रीक उच्चारांनी लिहितो आहे. आपल्यापर्यंत ती इंग्रजीतून आली, म्हणून आपण सॉक्रेटिस, पेनेलोपी, युरिडिसी म्हणतो. ग्रीसमध्ये त्यांचं सोक्रातिस, पिनेलोपी, एव्रिदिकी झालं आहे. प्राचीन भाषेतला ‘ह’ पूर्ण गेला, त्यामुळे हेरा आता ‘इरा’ आहे आणि होमर ‘ओमिरोस’. (आपल्याकडे हल्ली मुलींना आवडीने ठेवतात त्या ‘इरा’चा या इराशी काही संबंध नाही; आपली इरा संस्कृतातली, वेगळ्या कुळाची.) अडीच हजार वर्षांत उच्चार झिजला, बदलला, आणि तरी नाव तेच राहिलं. आणखी एक वाट अरबीची. प्लेटोचं मूळ नाव ‘प्लातोन’. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ते ‘अफ्लातून’ झालं आणि फारसीच्या मार्गाने मराठीत येऊन विशेषण बनलं. ‘अफलातून बेत’ म्हणताना आपण अथेन्सच्या एका तत्त्ववेत्त्याचं नाव घेत असतो.

आता नावांच्या पोटात शिरू, कारण खरी श्रीमंती तिथे आहे. ग्रीक पुरुषनावांत ‘-क्लीस’ हा शेवट वारंवार येतो: पेरिक्लीस, सोफोक्लीस, थेमिस्तोक्लीस, हेराक्लीस. हे ‘क्लेओस’ म्हणजे कीर्ती, शब्दशः जे ऐकू येतं ते. संस्कृतात त्याचं भावंड ‘श्रवस्’, आपल्या ‘श्रवण’मधल्या श्रु धातूचं. न झिजणाऱ्या कीर्तीची शब्दजोडी होमरच्या काव्यात आणि ऋग्वेदात, दोन्हीकडे एकाच मुळांची आहे, हे आडालबर्ट कून या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1853 मध्ये दाखवलं. म्हणजे दोन्ही भाषा वेगळ्या होण्याआधीच कवी कीर्तीबद्दल याच शब्दांत बोलत असावेत.

यातलं एक नाव तर डोळ्यांत पाणी आणणारं आहे. ग्रीक ‘युक्लीस’ म्हणजे चांगल्या कीर्तीचा. त्याच्या वंशातला तो ‘युक्लिदिस’, आपण शाळेत भूमितीत भेटलेला युक्लिड. हेच नाव संस्कृतात ‘सुश्रवस्’. ऋग्वेदात इंद्राने ज्याला मदत केली असा या नावाचा राजा आहे. हेच अवेस्तात ‘हओस्रवह’, त्याचं फारसीत ‘खुस्रो’ झालं, आणि पौराणिक राजाची ‘कै’ ही पदवी पुढे लागून मुंबईच्या पारशी घरांत ते ‘केखुश्रू’ म्हणून नांदतं आहे. भूमितीवाला युक्लिड, वेदातला सुश्रवस् आणि दादरच्या पारशी कॉलनीतला एखादा केखुश्रू. मुळात एकच नाव.

असंच दुसरं नाव दगडावर कोरलेलं सापडतं. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरला जो गरुडस्तंभ आहे, तो ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा दूत हेलिओदोर याने वासुदेवासाठी उभारला. लेखात तो स्वतःला भागवत म्हणवतो. त्याचं नाव ग्रीकात ‘हेलिओदोरोस’. हेलिओस हा आपल्या ‘सूर्य’ शब्दाचा सगोत्र आणि दोरोन हा ‘दान’चा. सूर्यदत्त! इथे जपून राहायला हवं. ‘थिओदोरोस’चा अर्थही देवदत्त असाच होतो, पण ‘थिओस’ आणि ‘देव’ हे शब्द दिसायला जवळचे असूनही एका मुळाचे नाहीत. ध्वनी जुळला की नातं जोडायचं, या सवयीने आपल्याकडे फार नासधूस केली आहे.

आज ग्रीसमध्ये मुलींना आवडीने ठेवलं जाणारं नाव आहे ‘नेफेली’. पुराणकथेतली ही ढगातून घडलेली स्त्री, आणि शब्दाचा अर्थही ढग. संस्कृत ‘नभस्’ हे त्याचं सख्खं भावंड. तिच्याबरोबर आरियाद्नी, दानाई, मिर्तो, इफियेनिया, अंतिगोनी ही नावंही आहेत. यातल्या शेवटच्या दोघींच्या वाट्याला काय आलं ते आठवा. एकीला बापाने बळी द्यायला नेलं. दुसरीने भावाला मूठमाती दिली म्हणून तिला जिवंत गाडलं. तरी आईबाप ही नावं ठेवतात, आणि मला ते बरोबर वाटतं. आपल्याकडेही खेडोपाडी द्रौपदाबाई असायच्याच. दुःख भोगलेल्या पण न वाकलेल्या बाईचं नाव लेकीला द्यायला कुणी कचरलं नाही. नावांच्या याद्यांत समोर नुसतं ‘सुंदर’, ‘तेजस्वी’, ‘देवाचा प्रसाद’ एवढंच लिहिलेलं असतं, ते वाचून नाव निवडणाऱ्यांना ही कथाच मिळत नाही, याचं वाईट वाटतं.

आणि ग्रीक नावं महाराष्ट्रात आली का? माणसं नक्की आली. कार्ले, जुन्नर, नाशिक इथल्या लेण्यांत यवन किंवा योनक, म्हणजे ग्रीक, दात्यांचे लेख आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं सतरावं लेणं खोदवलं ते उत्तरेकडच्या दत्तामित्री गावाहून आलेल्या एका योनकाने. त्याचं नाव इंद्राग्निदत्त, बापाचं धम्मदेव, मुलाचं धम्मरक्षित. तीन पिढ्यांत एकही ग्रीक नाव नाही. ‘दत्तामित्री’ म्हणजे दिमित्रिओस राजाच्या नावाचं शहर, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो खरा असेल तर धान्याची ग्रीक देवी पांडवलेण्यांच्या त्रिरश्मी डोंगरात गावाच्या नावात तेवढी उरली.

पण एक नाव पुरतं आपलं झालं. साकल, म्हणजे आजचं सियालकोट, इथे राज्य करणाऱ्या ग्रीक राजाचं नाव ‘मेनांद्रोस’. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी अक्षरं आहेत. नावाचा उत्तरार्ध ‘आंद्रोस’ हा आपल्या ‘नर’शी एका मुळाचा. भिक्खू नागसेनाला त्याने विचारलेल्या प्रश्नांचा पाली ग्रंथ म्हणजे ‘मिलिंदपञ्ह’, आणि पालीत या राजाचं नाव झालं मिलिंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला पुढे हेच नाव मिळालं आणि त्या परिसराला नागसेनवन. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर कित्येक घरांत मिलिंद आणि नागसेन जन्माला आले. संस्कृतात ‘मिलिंद’ म्हणजे भुंगाही होतो, आणि अनेक घरांत नाव त्या अर्थाने ठेवलेलं असतं. दोन्ही प्रवाह एकाच नावात मिळाले आहेत. प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव विद्येच्या ठिकाणाला देण्यात बाबासाहेबांची जी दृष्टी दिसते, ती नाव ठेवणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावी अशी आहे.

मराठी आईबापांपैकी कुणाला मुलीचं नाव अथिना किंवा मुलाचं नाव ओरायन ठेवायचं असेल, तर जरूर ठेवावं. मात्र आधी ती कथा पूर्ण वाचा, नावाचा उच्चार घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी कसा बसतो ते ऐका, आणि मूल विचारायच्या वयाचं झालं की त्याला ते नाव कुठून कुठून चालत आलं ते सांगा. आणि तुमच्या ओळखीत एखादा मिलिंद असेलच. त्यालाही मेनांद्रोसची गोष्ट जरूर ऐकवा.