पहिला बर्फ
आम्हा बोईसर-तारापूरवाल्यांना बर्फ माहीत तो मासळीवर टाकायचा. भाचा ऑक्टोबरात उत्तरकाशीला गिर्यारोहण शिकायला निघालाय, म्हणून इब्न बतूता पुन्हा काढला. चौदाव्या शतकात हिंदुस्थानकडे येताना हा फिरस्ता बर्फाच्या भीतीने हिंदुकुशअलीकडे थांबला, ऊन पक्कं लागल्यावरच निघाला. तरीही उंट रुतू नयेत म्हणून त्यांच्यापुढे नमदे अंथरावे लागले!

हंगामाच्या सुरुवातीचा ताजा बर्फ खालच्या कडक थराला नीट धरलेला नसतो. माणसाच्या वजनानेही अख्खा उतार सुटू शकतो. ४ ऑक्टोबर २०२२ ला ‘द्रौपदी का डांडा-२’वर हिमस्खलन झालं. नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या तुकडीतले २७ मृतदेह काढावे लागले. त्यात त्याच वर्षी एव्हरेस्ट चढलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या.

भाच्याला एवढंच विचारलं, उस्ताद ‘आज नको’ म्हणाले तर माघारी फिरशील ना?

म्हणाला, “मामू, फी भरलीय.”